मचाण नको: जमिनीवर आडोशाला बसून धनुष्यबाणाने व्हाइटटेल हरणाची शिकार

पेनसिल्व्हेनियात धनुष्यबाणाने शिकार करणारे बहुतेक लोक झाडावर चढतात. पंधरा-वीस फुटांवर मचाण बांधलं की हरणाच्या नजरेच्या वर राहता येतं, अंगाचा वासही थोडा डोक्यावरून जातो. फायदे खरेच आहेत. पण मचाण विकत घ्यायचं, अंधारात पाठीवर वाहायचं, आवाज न करता बांधायचं, आणि तिथून पडून हाडं मोडणारे शिकारी दर वर्षी असतातच. जमिनीवर बसणाऱ्याला एक छोटं स्टूल आणि बसायची अक्कल एवढंच लागतं. दुपारी वारा फिरला तर पाच मिनिटांत जागाही बदलता येते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांच्या शिकारीला बंदी आहे आणि इथे लिहिलेलं काहीही तिकडे वापरायचं नाही. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, आणि नियमांची उदाहरणं पेनसिल्व्हेनियातली आहेत. इथून लांडगा आणि कूगर (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) केव्हाच संपले. व्हाइटटेल मात्र लोकांच्या अंगणातली होस्टा या शोभेच्या झाडाची पानंसुद्धा ठेवत नाही. त्यामुळे राज्य दर वर्षी ठरावीक परवाने देऊन संख्या आटोक्यात ठेवतं. परवान्याचे पैसे, तसंच 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या सामानावर बसवलेला कर, वन्यजीवांच्याच कामाला जातो.

जमिनीवरच्या शिकारीचं सगळं गणित एका क्षणावर उभं असतं: धनुष्य ओढण्याच्या. हरीण पंधरा यार्डांवर, तुमच्याच उंचीवर, आणि तुम्हाला हात मागे नेत एक-दोन सेकंदांची मोठी हालचाल करायची आहे. जागा, वारा, कपडे, सराव हे सगळं त्या दोन सेकंदांसाठी असतं. म्हणून जागा बघताना पहिला प्रश्न ‘मी इथे दिसेन का?’ हा विचारू नका. ‘मी इथे धनुष्य कधी ओढणार?’ हा विचारा.

कागदपत्रं आधी उरकून घ्या

पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकारीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यानंतर पेनसिल्व्हेनिया गेम कमिशन या राज्याच्या वन्यजीव खात्याचा सर्वसाधारण परवाना आणि त्यावर तिरंदाजीचा वेगळा परवाना. साध्या परवान्याबरोबर शिंगवाल्या नराचा टॅग (मारलेल्या हरणाला लावायची चिठ्ठी) मिळतो; मादीसाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो, तोही ठरावीक विभागापुरता. शिकारीचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि मादीचे परवाने काही विभागांत झटकन संपतात, तेव्हा ऑक्टोबरची वाट बघत बसू नका.

धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी मागे आणायला लागणारा जोर, किमान 35 पौंड हवी, बाणाच्या पात्याची रुंदी किमान 7/8 इंच. तिरंदाजाने वस्तीच्या घरांपासून 50 यार्डांच्या आत, घरमालकाच्या परवानगीशिवाय, शिकार करायची नाही. शाळा आणि खेळाच्या मैदानांसाठी हे अंतर 150 यार्ड. नियमांची पुस्तिका दर वर्षी नव्याने निघते आणि ती वाचायलाच हवी. शेजारच्या न्यू जर्सीत किंवा ओहायोत गेलात तर आकडे वेगळे असतील.

एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्या मंडळींसाठी आणखी एक मुद्दा. अशा व्हिसावर बंदूक बाळगण्याचे केंद्रीय नियम किचकट आहेत. धनुष्य मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही. आयटीतली बरीच मंडळी धनुष्याकडे वळतात त्यामागे हे एक व्यवहारी कारण आहे.

सराव बसून करा

रेंजवर ताठ उभं राहून मारलेले सुंदर बाण इथे फारसे कामाला येत नाहीत. शिकारीला जे स्टूल नेणार तेच अंगणात किंवा रेंजवर घेऊन बसा. जॅकेट, हातमोजे, तोंडावरची जाळी, सगळं घालून. मग एका गुडघ्यावर टेकून, मग अंग अर्धवट वळवून. कंपाउंड, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेल्या, धनुष्याचं खालचं चाक स्टूलला, मांडीला किंवा जमिनीला लागतं का, ते इथेच कळतं. 30-33 इंची आखूड धनुष्य म्हणूनच जमिनीवर सोयीचं पडतं.

ओढ किती ठेवायची? माझं मत स्पष्ट आहे: बहुतेक लोक नको तितकी जास्त ठेवतात. स्टूलवर बसून, दोन्ही पाय जमिनीवरून उचलून, धनुष्य समोर सरळ धरून, दोरी हळूहळू मागे आणता आली पाहिजे. ओढताना धनुष्य आकाशाकडे वर जात असेल तर ताण कमी करा. धारदार पातं आणि जवळचं अंतर असेल तर व्हाइटटेलला 45-50 पौंड पुरतात. कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर तीन-चतुर्थांशाहून जास्त भार उतरतो, त्यामुळे लवकर ओढून थांबता येतं. हा गुण जमिनीवर फार मोलाचा आहे. पूर्ण ओढून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं आणि मगच बाण सोडायचा, असाही सराव करा.

हंगामाच्या आधी शिकारीची खरी पातीच लावून नेमबाजी करा, कारण ती सरावाच्या टोकांपेक्षा वेगळी उडू शकतात. आणि स्वतःची मर्यादा ठरवा: बसून, थंडीत, दहापैकी दहा बाण ताटलीएवढ्या वर्तुळात ज्या अंतरावरून बसतात ते तुमचं अंतर. बहुतेकांचं ते 20 यार्डांच्या आसपास निघतं. जमिनीवर तेवढं पुरतं.

हरीण कुठून जातं

पेनसिल्व्हेनियात गेम कमिशनच्या ताब्यात सुमारे 15 लाख एकर स्टेट गेम लँड्स आहेत, म्हणजे खाजगी जमीन नसली तरी अडत नाही. नकाशावर आधी दोन गोष्टी शोधा: हरीण दिवसा बसतं ती दाट जागा आणि खातं ती जागा. तुम्हाला या दोन्हींच्या मधला रस्ता हवा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला खाणं म्हणजे ओकची फळं. पांढऱ्या ओकच्या फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य कमी असल्याने हरणं ती आधी संपवतात. लाल ओकची कडवट फळं नंतरसाठी राहतात. फळं सांडलेल्या एखाद्या पांढऱ्या ओकखाली ताज्या लेंड्या आणि उकरलेला पाला दिसला तर त्या आठवड्यात दुसरीकडे जायचं कारण नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात चित्र पालटतं. नर माजावर येतात, खाणं विसरून माद्यांच्या मागे फिरतात. झाडाच्या सालीवर शिंगं घासल्याच्या खुणा आणि फांदीखाली खुरांनी उकरलेली जमीन या दिवसांत ताज्या दिसतात. तेव्हा माद्या बसतात त्या दाटीच्या वाऱ्याखालच्या कडेला बसावं, कारण नर तिथूनच हुंगत जातात. दिवसभर बसायचं असेल तर याच दिवसांत.

ऑक्टोबरमध्ये नवख्याने संध्याकाळ धरावी. सकाळच्या अंधारात खाण्याच्या जागेकडे चालत गेलात तर तिथे आधीच असलेली हरणं तुम्हीच उधळून लावाल.

वारा

या बाबतीत तडजोड चालत नाही. आडोसा कितीही झकास असू दे, तुमच्याकडून वाटेकडे वारा जात असेल तर त्या दिवशी ती जागा सोडा. वास मारणाऱ्या फवाऱ्यांवर पैसे घालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण वाऱ्याची जागा ते घेऊ शकत नाहीत.

हवा आडवी हवी: वाटेच्या दिशेने नाही, नेमकी तुमच्या तोंडावरही नाही. नेमका समोरून वारा म्हणजे हरीण तुमच्या पाठीमागून येण्याची शक्यता वाढली, कारण वारा तोंडावर घेत चालायला त्याला आवडतं. डोंगराळ भागात शिवाय उताराची हवा असते. ऊन चढलं की जमीन तापते आणि हवा उतारावरून वर सरकते. संध्याकाळी गार झाली की ओढ्याकडे खाली वाहते. म्हणून सकाळी उशिरापर्यंत बसायचं तर वाटेच्या वरच्या अंगाला, संध्याकाळी खालच्या अंगाला. या दोन हवांच्या सांध्यावर, साधारण सूर्य वर आल्यावर तासाभरात, हवा गोल गोल फिरते आणि तो वेळ सगळ्यात दगाबाज.

वारा बघायला मिल्कवीडच्या बोंडातला कापूस खिशात ठेवा. हे झुडूप आपल्या रुईच्याच कुळातलं, आणि त्याच्या म्हाताऱ्या तशाच उडतात. वारा बघायला विकत मिळणारी पावडर दोन फुटांवर दिसेनाशी होते. म्हातारी तीस-चाळीस यार्ड जाऊन कुठे वळते तेही दाखवते.

बसायची जागा

नवखे लोक पुढे फांद्या रचत बसतात. खरं काम पाठीमागचं आहे. हरणाला खटकते ती माणसाची कड: डोकं, खांदे, त्यामागे उजेड. पाठीशी काळोखी, दाट पार्श्वभूमी असेल तर समोर गुडघ्याएवढं झुडूप असलं तरी भागतं. पाठीमागे उजेड असेल तर पुढे कितीही रचा, हलणारी सावली दिसतेच.

या राज्यातल्या जंगलात चांगल्या जागा ठरलेल्या आहेत. वादळात उन्मळून पडलेल्या झाडाचा मुळांचा गड्डा सगळ्यात उत्तम: मातीने भरलेली, माणसापेक्षा रुंद भिंतच ती. तिच्यासमोर बसा. दुसरी जागा पडलेल्या झाडाचा शेंडा, जिथे फांद्यांच्या जंजाळात एक खोबण सापडते. माउंटन लॉरेलची झुडपं बारमाही हिरवी असतात, त्यांच्या कडेला, आत नव्हे. हेमलॉक या सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांची सावली दिवसभर गडद राहते. नोव्हेंबरात बाकी झाडं उघडी पडली तरी बीचची लहान झाडं वाळलेली पानं धरून ठेवतात, तीही उपयोगी. फक्त धनुष्य घासलं तर ती कागदासारखी वाजतात. यातलं काहीच नसेल तर खांद्यांपेक्षा रुंद बुंधा शोधा आणि त्याला पाठ लावा.

सावलीत बसा, हे इतकं साधं आहे की लोक विसरतात. सूर्य फिरतो, म्हणून दुपारी निवडलेली जागा संध्याकाळी पाच वाजता कशी दिसेल त्याचा अंदाज घ्या. चेहऱ्यावर ऊन पडणार असेल तर ती जागा नकोच.

आता ओढण्याचा क्षण. वाटेकडे बघा आणि वाटेवर येणाऱ्या हरणाचं डोकं कुठे झाकलं जाईल ते शोधा. दहा-बारा यार्ड आधी एखादा जाड बुंधा, मोठा धोंडा, उतारातला खळगा. डोकं त्यामागे गेलं की तुम्ही ओढणार, आणि पलीकडे बाहेर आलं की धनुष्य तयार असणार. असा एकही आडोसा वाटेवर नसेल तर जागा कितीही देखणी असली तरी पुढे चला. वीस यार्ड पुढे-मागे सरकलं की बहुतेक वेळा असा बुंधा सापडतो.

उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्याला बसल्या जागी समोर आणि डावीकडे सहज वळता येतं. उजवीकडे जवळजवळ नाही. म्हणून स्टूल असं ठेवा की बाण सोडायची जागा तुमच्या डाव्या हाताला, साधारण 45 अंशांवर येईल. डावखुऱ्यांनी उलट. हरीण समोरून सरळ चालत येईल अशी, वाटेच्या तोंडावरची बैठक टाळा. बाजूने पंधरा-अठरा यार्डांवर बसा. हरणाचं लक्ष त्याच्या वाटेवर असतं, तुमच्यावर नाही.

पुढचा आडोसा बसल्यावर छातीच्या खालीच राहू दे. स्टेट गेम लँड्सवर झाडं-झुडपं तोडायला मनाई आहे, म्हणून जमिनीवर पडलेल्या वाळक्या फांद्याच वापरा, त्याही दोन-चार. नेम दिसतो म्हणून बाणाची वाट मोकळी आहे असं समजू नका. बाण डोळ्याच्या रेषेखाली चार-पाच इंचांवरून सुटतो, आणि तोंडासमोरची न दिसलेली एक काडी त्याला भलतीकडे पाठवते. बसून, बाण न लावता, डोळा दोरीच्या पातळीवर आणून ती वाट तपासा. मग पायाखालचा पालापाचोळा मीटरभर वर्तुळात मातीपर्यंत साफ करा. बूट सरकवताना होणारा आवाज हा जमिनीवर बसणाऱ्याचा पहिला शत्रू.

शेवटी, बाण चुकला तर कुठे जाईल ते बघा. मचाणावरून सुटलेला बाण जमिनीत घुसतो. जमिनीवरून सुटलेला सपाट उडतो आणि दूर जातो. वाटेच्या मागे चढ किंवा टेकाड हवंच. मागे पायवाट, रस्ता, घर असेल तर ती बाजू तुमच्यासाठी बंद, मग हरीण कितीही मोठं असो. इतर तिरंदाजही रंगीबेरंगी दिसत नाहीत, हे ध्यानात ठेवा.

अंतरं मोजायच्या यंत्राने आधीच दोन-तीन झाडं मोजून ठेवा, म्हणजे ऐन वेळी यंत्र डोळ्याला लावायची हालचाल वाचते.

कपडे

यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालतात, आणि याचं महत्त्व सगळ्यात कमी. पार्श्वभूमीशी मिळतं, मऊ, न वाजणारं कापड पुरे. चेहरा आणि हात मात्र झाकाच. हरणाला तांबडा-नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही, पण निळा आणि अतिनील चांगला दिसतो. म्हणून ‘चमकदार शुभ्रता’ देणाऱ्या साबणात हे कपडे धुवू नका, आणि जीन्स घरी ठेवा. जमिनीवर बसायचं म्हणजे गोचिड्या आल्याच. इथे त्यांच्यामुळे लाइम हा आजार होतो. कपड्यांना आधी पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावून वाळवा, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा.

हरीण आल्यावर

हरीण दिसताच धनुष्य उचलू नका. आधी वाचा. शेपटी अधूनमधून सहज हलते आहे, मान खाली-वर होते आहे, तर ते निवांत आहे. मान खाली घालून एकदम वर झटकतं आहे, तर संशय आला आहे आणि तुम्हाला हलवायचा प्रयत्न चालू आहे. पाय आपटला, तर आणखी वाईट. अशा वेळी दगड व्हा. डोळे अर्धे मिटा, थेट डोळ्यांत बघू नका. पुष्कळदा ते मिनिटाभराने सैल पडतं. नाकातून फुस्स करून पांढरी शेपटी उभारून पळालं तर तिथे त्या दिवशी बसण्यात अर्थ नाही.

वयस्कर मादी नरापेक्षा सावध असते. तीन-चार जणींचा कळप आला तर तुमच्या नेमातल्या एकीकडे नाही, बाकीच्यांच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवा. शेवटचं डोकं झाडामागे जाईपर्यंत थांबा. नोव्हेंबरात पहिली मादी जाऊ द्या. मागे कोण येतंय ते दोन मिनिटांत कळतं.

ओढायचं ते एका संथ, सरळ हालचालीत. मध्येच हरणाने बघितलं तर आहात तिथेच थांबा, परत सोडू नका. चालत्या हरणाला थांबवायला तोंडाने ‘मँ’ करतात. मचाणावर ते ठीक आहे. जमिनीवर ते हरणाचे डोळे थेट तुमच्यावर आणतं आणि त्याचं अंग ताठ करतं. मी ते शक्यतो टाळतो.

बाण कुठे

हरीण आडवं उभं असावं किंवा थोडं पलीकडे वळलेलं. समोरून येणारं, तुमच्याकडे वळलेलं, मान वर करून तुमच्याकडेच बघणारं: सोडा, जाऊ दे. आडव्या हरणाच्या पुढच्या पायाच्या रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरा. पलीकडे वळलेल्याला त्या बाजूचा दूरचा पुढचा पाय मनात धरून बाण तिथून बाहेर पडेल असा.

खालचा तिसरा भाग का? सेकंदाला 270 फूट जाणाऱ्या बाणाला 20 यार्डांना सुमारे 0.22 सेकंद लागतात, आणि दोरीचा आवाज हरणापर्यंत 0.05 सेकंदात पोचतो. मधल्या वेळात सावध हरीण उडी घ्यायला आधी खाली वाकतं. खाली धरलेला नेम मग फुप्फुसात बसतो, मधोमध धरलेला पाठीवर. शिवाय सपाट बाणाची दोन्ही भोकं एकाच उंचीवर पडतात. भोकं जितकी वर, तितकं रक्त आतच साठतं आणि माग उशिरा सुरू होतो.

बाण सुटल्यावर

उठू नका. हरीण कुठे होतं, कुठल्या झाडाजवळ दिसेनासं झालं, ते मनात पक्कं करा आणि कान द्या. अर्ध्या तासाने बाण शोधा. फेसाळ, गुलाबीसर रक्त म्हणजे फुप्फुस; माग काढा, हरीण बहुधा शंभर-दीडशे यार्डांत सापडतं. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत. चार ते सहा तास थांबा. हिरवट घाण आणि उग्र वास असेल तर पोटात लागलंय. गुपचूप मागे फिरा आणि किमान आठ-दहा तास जाऊ नका. घाईने गेलात तर ते उठून मैलभर जाईल आणि हाती लागणार नाही. रक्ताच्या प्रत्येक ठिपक्यापाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत चला, मागे वळून बघितलं की दिशा कळते. माग तुटला तर दोरीने बांधलेल्या, माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत इथे कायद्याने घेता येते. ती मागायला लाजू नका.

हरीण सापडलं की हलवायच्या आधी टॅग भरून लावा. मग हातमोजे घालून पोट साफ करा, आतडं न फोडता. ऑक्टोबरची दुपार गरम असते; छातीच्या पोकळीत बर्फाच्या पिशव्या घाला आणि शक्य तितक्या लवकर 4 अंश सेल्सियसखाली आणा. ओढत नेताना हरणावर आणि स्वतःवर नारिंगी कापड बांधा.

राज्यात 2012 पासून क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा मेंदूचा आजार सापडतो आहे. रोगनियंत्रण क्षेत्रांतून डोकं आणि पाठीचा कणा बाहेर नेता येत नाही. तुमची जागा अशा क्षेत्रात असेल तर जाण्याआधी नकाशा बघा आणि डोकं तपासणीसाठी द्यायची पेटी कुठे आहे ते विचारून ठेवा. शिकारीची नोंद दहा दिवसांत गेम कमिशनकडे करायची असते, ऑनलाइन होते. मांस घरात मावत नसेल तर ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ ही 1991 पासून चालणारी योजना आहे. तिच्याशी जोडलेल्या खाटकाकडे हरीण दिलं की ते अन्नपेढ्यांना जातं. घरी ठेवणार असाल तर पाठीची सळई (कण्याच्या कडेचं लांब, मऊ मांस) वेगळी काढा आणि जास्त शिजवू नका, या मांसात चरबी जवळजवळ नसते. मांड्या आणि खांदे मात्र काळ्या मसाल्यात मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवा, तेल सढळ हाताने घालून.